सारथीतलं कडं

१२ जानेवारी

बारके,

डिस्क सोबत आहे. आधी स्पंज, मग जुना टॉवेल, त्यावर हे पत्र. गेल्या खेपेला तू लिहिलंस, "पत्र कशाला, मेसेज कर." मेसेजला तू अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी मी किती बोलणार? आपल्या इथल्या नेटवरून एवढे फोटो चढवायला बसले तर पुढची अमावास्या उजाडेल, म्हणून पार्सल दर महिन्याला जातंच. त्यात चार कागद जास्त गेले तर तुझं काही बिघडत नाही.

आकाशनिरीक्षण क्लबचा अंक आला. मुखपृष्ठावर आपला घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ. खाली तुझं नाव, सासरचं आडनाव, दुर्बीण कुठली, कॅमेरा कुठला, एकूण एकोणीस तास. ते एकोणीस तास गच्चीवर कोण बसलं होतं एवढं सोडून सगळं लिहिलंय. आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यात घोडा कुठाय?" मग विचारलं, "तुझं नाव कुठाय?" मी म्हटलं, घोड्याच्या मागे असेल.

जूनमध्ये तू दोन दिवस आली होतीस तेव्हा जिन्यात जे बोललीस ते मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी एवढंच विचारलं होतं की फोटोखाली दोघींची नावं घालायला काय हरकत आहे. तू म्हणालीस, "ताई, खरं काम प्रोसेसिंगचं असतं. तू फक्त बटण दाबतेस." बारके, मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात बटणच दाबतेय. फोटो मी काढायचा आणि खाली सही डॉक्टरांनी करायची. त्याची मला सवय आहे. घरातही तेच ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून तुझा फोन नाही. फक्त याद्या येतात. सारथी तारकासमूहावर नेम धर, पाच-पाच मिनिटांचे फोटो घे, फ्लॅट्स विसरू नकोस. तुझ्या शहरात दिव्यांमुळे चार तारे दिसत नाहीत, आणि तिथे बसून तू मला आकाश शिकवतेस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आणि फ्लॅट्स मी कधी विसरलेय? संध्याकाळी आभाळ पांढुरकं असताना दुर्बिणीच्या तोंडावर उशीचा पांढरा अभ्रा ताणून बांधायचा आणि त्या कोऱ्या उजेडाचे तीस फोटो काढायचे. त्यात आकाश नसतंच. कॅमेऱ्याच्या काचेवरच्या धुळीच्या सावल्या तेवढ्या दिसतात, म्हणजे मग खऱ्या फोटोतून त्या काढून टाकता येतात. तू फ्लॅट्स म्हणतेस, आई आणि मी अभ्रे म्हणतो. नियम एकच, अभ्रे होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. तीन वर्षांत माझा एक अभ्रा चुकलेला नाही. हे कुठल्या अंकात छापून येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

काच पुसायला सांगितलीस ती हे पार्सल गेलं की पुसते. उजव्या कोपऱ्यात एक कण बसलाय, मलाही दिसला.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. मी तिला सांगते, ती कामात आहे.

ताई


९ फेब्रुवारी

बारके,

डिस्क सोबत आहे. तीन रात्रींचं काम आहे. पहिल्या दोन चांगल्या. तिसरीला मध्येच ढग आले, झाकपाक केली, नंतर दुर्बीण पुन्हा लावली, तेव्हा नेम थोडा सरकला असेल. ती रात्र तू टाकूनच देशील. अभ्रे त्यांच्या फोल्डरमध्ये आहेत.

आई पडली. तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते. चार तारखेला संध्याकाळी मी गच्चीवर होते, अभ्रा बांधायला घेतला होता. खालून आवाज आला. आवाज बादलीचा होता, म्हणून मी आधी गाठ पुरी केली आणि मग खाली गेले. ती बाथरूमच्या दारात, एक पाय अंगाखाली मुडपून. हाक का नाही मारलीस म्हटलं तर म्हणते, "तुझं काम खोळंबलं असतं."

आमच्याच हॉस्पिटलात नेलं. ड्युटीवर नवीन मुलगी होती, म्हणून आईच्या खुब्याचा एक्स-रे मीच काढला. "हलू नकोस" म्हटलं. फोटो झाल्यावर "आता हल" म्हणायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, तर ती तशीच ताठ पडून राहिली, डोळे मिटून. खुब्याला चीर आहे. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, पण सहा आठवडे अंथरुणात.

तिला वॉर्डात झोपवून घरी आले आणि गच्चीवरचं सगळं उतरवलं. दुर्बीण एकीकडे, कॅमेरा एकीकडे. पाऊस येईलसं वाटत होतं, आला नाही. अभ्र्यांचं मी बघितलंय, त्यावर पुन्हा पुन्हा विचारत बसू नकोस.

तुला फोन का नाही केला? केला असता तर तू "मी येऊ का?" म्हणाली असतीस, आणि मला "नको" म्हणावं लागलं असतं. ते नाटक कशाला.

ताई


३ मार्च

बारके,

काल तुझा फोन आला. नऊ महिन्यांनी. मला वाटलं आईचं विचारायला असेल, म्हणून मी मोबाईल तिच्या कानाशी न्यायला निघाले होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "ताई, बसलीयेस का? बस आधी."

मी बसले. सारथीच्या त्या तुकड्यात एक फिकट कडं आहे, अगदी गोल, कुठल्याही यादीत त्याची नोंद नाही. मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेलं कवच असणार, आजवर कुणाच्या नजरेला पडलेलं नाही. तुझा आवाज शाळेत पहिली आलीस त्या दिवशी होता तसा होता, एका दमात सगळं. तू दोनदा म्हणालीस, "आपल्याला सापडलंय." मी मोजलं. तिसऱ्या वेळेपासून "मला" सुरू झालं.

तेरा एप्रिलला क्लबची वार्षिक सभा, तिथे तू ते जाहीर करणार. त्याच दिवशी सेक्रेटरी ते मोठ्या दुर्बिणीवाल्यांकडे तपासायला पाठवणार. खरं ठरलं की शोधणाऱ्याचं आडनाव आणि पुढे आकडा, असं त्याचं बारसं होणार. मी विचारलं, कुठलं आडनाव? तू म्हणालीस, "ताई, कागदोपत्री माझं आता हेच आहे ना."

म्हणजे आता आकाशातही तुझं सासर. आपल्या बाबांनी पै-पै साठवून पहिली दुर्बीण आणली, तुला खांद्यावर घेऊन गुरूचे चार चंद्र दाखवले, आणि नाव लागणार तुझ्या नवऱ्याच्या घराण्याचं. त्या माणसाने आजवर मान वर केली असेल ती पंखा चालू आहे का बघायला. मला हसू आलं, तुला ते फोनवर ऐकू आलं असेल. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, अभिनंदन.

ठेवता ठेवता तू "आई बरी ना?" विचारलंस. मी सांगणार, तेवढ्यात तुझ्याकडे कोणीतरी दार वाजवलं. आई बरी नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मी ड्युटीवर गेले की शेजारच्या काकू बसतात.

तू पाठवलेला फोटो बघितला. कडं सुरेख आहे. उजव्या कोपऱ्यात आहे.

ताई


२१ मार्च

बारके,

हे पत्र पार्सलमध्ये घालणार नाही. निदान आज तरी नाही. लिहितेय कारण डोक्यात ठेवून मला झोप लागत नाही.

ते कडं खोटं आहे.

फेब्रुवारीचे अभ्रे मी काढलेच नव्हते. आई पडली, मग कॅमेरा उतरवला, मग अभ्रे कसले? पार्सल पाठवायचं तर फोल्डर रिकामं. मी जानेवारीचे तीस उचलले, फाईलींची नावं बदलून त्यांवर फेब्रुवारीची तारीख घातली आणि डिस्कवर चढवले. इतकी दमले होते की वाटलं, अभ्रा तो अभ्रा, कोण बघतंय. वेळ मारून नेली.

पण मधल्या काळात मी काच पुसली होती, तूच सांगितल्यावरून. उजव्या कोपऱ्यातला कण गेला होता. जुन्या अभ्र्यांत मात्र तो होता. जो डाग फोटोत नाहीच तो पुसायला गेलं तर तिथे उलट उजेड उमटतो. त्या कणाची सावली गोल होती, म्हणून तुझं कडं गोल आहे.

फोटो बघितला तेव्हाच मला संशय आला. चोराच्या मनात चांदणं. मग काल आई झोपल्यावर, दुपारी, जुना लॅपटॉप काढला आणि तू टाकून दिलेली ती तिसरी रात्र उघडली. तू शिकवलं होतंस तसे त्यावर तेच अभ्रे लावले. त्या रात्री नेम सरकला होता, म्हणजे तारे फोटोत डावीकडे गेले होते. कडं खरं असतं तर ताऱ्यांबरोबर तेही डावीकडे जायला हवं होतं. ते उजव्या कोपऱ्यातच होतं, जागचं हललेलं नव्हतं.

आमच्या खात्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. एका दिवसात तीन पेशंटांच्या छातीत एकाच जागी डाग दिसला तर पेशंट आजारी नसतो, आपली कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची पेटी, खराब असते. डॉक्टर फसतात, कारण ते एक एक फोटो बघतात. आम्ही दिवसभर तीच कॅसेट हाताळतो, आम्ही फसत नाही. बटण दाबणारीला एवढं कळतं.

आता मला काय करायला पाहिजे ते मला माहीत आहे. फोन उचलायचा आणि सांगायचं, बारके, थांब, चूक माझी आहे. सभेला अजून तेवीस दिवस आहेत. एक फोन केला तर तू वाचतेस. नाही केला तर दोनशे माणसांपुढे तू धुळीचा कण दाखवून त्याला आडनाव देशील, आणि मग मोठे लोक तपासतील आणि तुझी छी-थू होईल.

मी फोन हातात घेतला होता. तुझं नाव काढलं. आणि मला जिना आठवला. "तू फक्त बटण दाबतेस." मग वाटलं, खरं काम प्रोसेसिंगचं असतं ना? मग प्रोसेसिंगवालीने शोधावं. फोन ठेवून दिला.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, आणि बरंही वाटतं आहे. दोन्ही खरं आहे. हे पाकीट आईच्या औषधांच्या फाईलमध्ये ठेवते. तेरा तारखेच्या आत पाठवीन.

ताई


१५ एप्रिल

बारके,

काल रात्री पोचले. सात तासांच्या बसने कंबरेचा पार भुगा झाला. काकूंनी आईला नीट सांभाळलं. ती आता धरून धरून चार पावलं टाकते.

मी येईन असं तुला वाटलं नव्हतं, हे मला दारातच कळलं. तू म्हणालीस, "अगं, तू कशाला एवढी दगदग केलीस?" मग मला शेवटच्या रांगेत बसवलंस, पंख्याखाली. तुझा नवरा पहिल्या रांगेत होता, सगळा वेळ मोबाईलमध्ये. त्याने मला ओळखलं, मान हलवली.

तू छान बोललीस. पडद्यावर कडं आलं तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. आमची दुर्बीण माहेरी असते, ताई तिच्याकडे बघते, असं तू एका वाक्यात सांगितलंस. घरची गाय कोणाकडे असते ते सांगावं तसं. असो.

जेवणाच्या वेळी सेक्रेटरी आपल्या टेबलाशी आले. बाकीचे चार-पाच जणही होते. त्यांनी ताट हातात धरूनच विचारलं, "बाई, राग मानू नका, मला विचारावं लागतं. फ्लॅट्सचं सगळं नीट होतं ना? कडं म्हटलं की पहिली शंका तीच येते." तू घास खाली ठेवलास. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तू मला विचारणार. तू त्यांना म्हणालीस, "फ्लॅट्स ताईने घेतलेत. तिने घेतलेत म्हटल्यावर तो प्रश्नच नाही. तीन वर्षांत तिचा एकही चुकलेला नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, "मग मिटलं." मी पाणी प्यायले.

तुला द्यायचं एक पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. ते द्यायचं राहून गेलं. बस सुटताना तू खिडकीपाशी येऊन काय म्हणालीस ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हात हलवला.

या महिन्यात डिस्क नाही. आईचं करताना गच्चीवर जायला झालं नाही.

ताई


३० मे

बारके,

तू फोन उचलत नाहीस. अकरा वेळा केला. तुझ्या नवऱ्याने एकदा उचलला आणि म्हणाला, ती झोपली आहे. दुपारी चार वाजता.

क्लबचं परिपत्रक कालच्या टपालाने आलं. मोठ्या दुर्बिणीवाल्यांना त्या जागी काहीही सापडलं नाही, हे मला सेक्रेटरींकडून आठवड्यापूर्वी कळलं होतं. त्याची मी वाटच बघत होते, दोन महिने, रोज. खाली तुझा खुलासा असेल हेही मला ठाऊक होतं. तो मी आईच्या पलंगाशी उभी राहून वाचला. "फेब्रुवारीतील निरीक्षणांसाठी जानेवारीतील फ्लॅट्स वापरण्याची चूक माझ्याकडून झाली. निरीक्षणे, फ्लॅट्स व प्रक्रिया ही सर्व जबाबदारी माझी एकटीची आहे." त्याखाली तुझी सही. त्याखाली सेक्रेटरींची ओळ, की तू संपादक मंडळाचा राजीनामा दिला आहेस आणि तो मंजूर झाला आहे.

आणि रात्री तुझा मेसेज. वर्षभरात पहिल्यांदा अंगठा नाही, यादी नाही, अक्षरं. "ताई, फाईलचं नाव बदललं तरी कॅमेऱ्याने आत घातलेली तारीख तशीच राहते. अभ्रे आठ जानेवारीचे आहेत. आई पडली त्या दिवसाचं ना हे? तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर तेवढं सगळं आलं असताना मी यादीच पाठवत बसले. तुझं नाव यात येऊ देणार नाही. आता डिस्क पाठवू नकोस, मी हे सगळं बंद करतेय."

पहिल्यांदाच तू फ्लॅट्सना अभ्रे म्हणालीस.

मी हा मेसेज आईला वाचून दाखवला नाही. ती विचारत होती काय झालं म्हणून. मी म्हटलं, बारकी चांगली आहे.

बारके, मला तुझा राग आला आहे. खरं सांगते, रडू नंतर आलं, राग आधी आला. तीन वर्षं गच्चीवर मी कुडकुडले, ते तुझ्या नावावर. घोडा तुझ्या नावावर. कडं तुझ्या नावावर, ते खोटं होतं तरी. आता चूक झाली, ती अगदी नखशिखांत माझी चूक, आणि तीही तू तुझ्या नावावर घेतलीस. "एकटीची" असं लिहून. कुणाला विचारून? एक गोष्ट या घरात अशी होती की जी दुसऱ्या कोणी केली असं कुणी म्हणू शकलं नसतं.

पण हा राग खरा असला तरी तो मिरवायचा मला हक्क नाही, कारण तुला अर्धंच माहीत आहे. तू मला माफ केलंस ते त्या संध्याकाळसाठी. आई पडली, ताई गडबडली, तिच्या हातून चुकलं. एवढंच असतं तर मी तुझे पाय धरले असते आणि विषय संपला असता.

सोबतचं पाकीट उघड. एकवीस मार्चचं पत्र आहे. पर्समध्ये होतं ते हेच. ते आधी वाच, मग पुढे वाच.

वाचलंस? मला सभेच्या आधी तेवीस दिवस माहीत होतं. मी पुरावा काढून बघितला होता. सेक्रेटरींनी तोंडावर विचारलं तेव्हा माझं पाकीट माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं, आणि तू चार माणसांत एकदाच माझी तारीफ केलीस ती नेमकी त्या प्रश्नाला उत्तर म्हणून. तोंड उघडून "थांबा" म्हणायला किती वेळ लागतो? मी मिठाची गुळणी धरून बसले. एक क्षण असाही होता की मला वाटलं, आता सांगते. पण तू म्हणालीस की माझा एकही चुकलेला नाही, आणि मला ते ऐकायचं होतं. इतकी वर्षं ऐकायचं होतं. ते शब्द तुझ्या तोंडून आले आणि लगेच मीच ते खोटे पाडायचे, हे माझ्याने झालं नाही. आणि मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी म्हणत होते, पड आता तोंडावर. हेही लिहिते. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

तुझ्या क्लबात आता तुला "धूळवाल्या बाई" म्हणतात म्हणे. सेक्रेटरींनीच सांगितलं, हसत हसत, मी तुझी बहीण आहे हे विसरून. मी फोन आपटला. मग लक्षात आलं की ही चीड मी कुणावर काढतेय.

म्हणून आज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी दोन कामं केली. पहिलं, दुर्बीण पुसून तिच्या पेटीत ठेवली. ती विकणार नाही. तुला हवी असेल तर येऊन ने, नको असेल तर इथेच पडून राहील, पण मी तिला हात लावणार नाही. दुसरं, क्लबला पत्र लिहिलं. तिन्ही रात्रींच्या फाईली जोडल्या, आठ जानेवारीचे अभ्रे जोडले, नावं कधी बदलली ते लिहिलं, मला कधी समजलं ते लिहिलं, आणि जेवणाच्या टेबलावर मला विचारलं गेलं तेव्हा मी गप्प बसले तेही लिहिलं. सेक्रेटरींच्या सोयीसाठी खुलाशाचा मजकूर मीच तयार करून दिलाय, साध्या भाषेत, सहा ओळी.

तू मला माफ करावंस म्हणून हे करत नाहीये. तू दिलेली माफी एका वेगळ्याच बाईसाठी होती, जी आईच्या पडण्याने हबकून गेली होती. ती मी फक्त चार तारखेच्या संध्याकाळी होते. नंतरची मी वेगळी होते. ती माफी परत घे. मग उरलेल्या माझ्याशी तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको. आई विचारेल, तिला काय सांगायचं ते मी बघेन.

क्लबचं पत्र रजिस्टरने गेलंय, तुझं हे पाकीट मी दोन दिवस थांबून टाकणार आहे. मुद्दाम तसं करतेय. तू मला अडवायला फोन करशील तोवर ते छापायला गेलेलं असेल. सेक्रेटरींना मी खाली ठळक लिहिलंय की सहा ओळींखाली नाव एकच घालायचं, माझं, आपल्या बाबांच्या आडनावासकट. तुझं नाव त्यात कुठेही येता कामा नये.

ताई